रोगी एक तास आधी येत नाही

वाळपईकडच्या एका मुलीने विचारलं आहे. एमएस्सी गोव्यातच झाली, आता एका प्रकल्पावर लागली आहे. गाइडने विषय दिलाय: फुप्फुसाच्या दाहावर अडुळशाचा अर्क उंदरांत तपासायचा. तिचे प्रश्न तीन. मॉडेल, म्हणजे उंदरात मुद्दाम घडवायचा रोग, कोणतं घेऊ? सगळे एलपीएस वापरतात, तेच पुरेल का? आणि अर्क उंदरात चालला तर माणसात चालेल असं लिहिता येईल का? शेवटी जाता जाता एक ओळ आहे: "बाबा बारा वर्षं खनिजाच्या ट्रकावर होते, त्यांचा खोकला जात नाही, म्हणून मला हा विषय आवडला."

मी डिचोलीचा, म्हणजे खाणींच्याच पट्ट्यातला. वीसेक वर्षं बाहेरच्या प्रयोगशाळांत उंदरांची फुप्फुसं धुण्यात गेली, आता परत आलोय. त्यामुळे त्या शेवटच्या ओळीवरच माझं घोडं अडलं. बाबांच्या खोकल्यावर उत्तर हवं असेल तर एलपीएसचं मॉडेल तुला ते देणार नाही. का, ते सांगतो.

एलपीएस म्हणजे ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला एक घटक. त्याचा थेंब उंदराच्या फुप्फुसात गेला की वायुकोशातल्या मॅक्रोफेज पेशी बोंब ठोकतात, दोन-चार तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावत येतात, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत कळस होतो आणि आठवड्याभरात बहुतेक सगळं निवळतं. चवथीतला फटाकाच म्हण ना. आवाज मोठा, धूर भरपूर, आणि दुसऱ्या दिवशी अंगण झाडलं की काही नाही. स्वस्त, झटपट, सोमवारी सुरू करून गुरुवारी नमुने हातात. म्हणून सगळे तेच करतात. नवख्या हाताला वळण लावायला ते उत्तम आहे, तू पहिला प्रयोग त्यावरच कर. पण तेवढ्यावर प्रबंध उभा करू नकोस.

याचं कारण वेळेत आहे. अशा प्रयोगांचे निबंध काढून बघ. बऱ्याच ठिकाणी औषध एलपीएसच्या एक तास आधी दिलेलं असतं. आमच्या लॅबमध्ये चेष्टेने म्हणायचे, एक तास आधी दिलं तर सोलकढीसुद्धा चालेल. दाह पेटायच्या आधीच ठिणगीवर पाणी ओतलं की टीएनएफ हा दाहाचा संदेश-रेणू कमी दिसतो, न्यूट्रोफिल कमी दिसतात, आलेख सुंदर येतो. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत येणारा रोगी मात्र आजार होण्याच्या एक तास आधी येत नाही. कोणी तीन दिवसांनी येतो, कोणी तुझ्या बाबांसारखा दहा वर्षांनी. म्हणून अर्क एलपीएसनंतर दे, सहा तासांनी, जमलं तर त्याहून उशिरा. आणि औषध सुरू करण्याच्या त्याच घटकेला एक वेगळा गट मारून बघ, म्हणजे त्या क्षणी फुप्फुसात किती रोग होता हे दाखवता येईल. हा गट बहुतेक जण ठेवत नाहीत, कारण उंदीर वाया गेल्यासारखे वाटतात. माझ्या मते सगळ्यात कामाचा गट तोच.

ब्लिओमायसिनच्या मॉडेलमध्ये हीच चूक आणखी महागात पडते. हे कर्करोगावरचं औषध. काही रोग्यांच्या फुप्फुसांत त्याने चरे (जखमेच्या वणासारखे कडक पट्टे) पडतात हे लक्षात आल्यावर लोकांनी ते मुद्दाम उंदरांना देऊन फायब्रोसिसचं मॉडेल केलं. पहिला आठवडा दाहाचा, मग चौदाव्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत चरे दिसू लागतात. पहिल्या दिवसापासून औषध दिलं तर तू दाह आवरतेस, चरे नाहीत. तो फरक न कळल्यामुळे ढीगभर रसायनं उंदरात यशस्वी ठरली आणि माणसात आपटली. अमेरिकेत २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही दोन औषधं मंजूर झाली, त्यांनीसुद्धा रोग मागे फिरत नाही, उतार मंद होतो. उलट दाह कमी केला की चरे थांबतील या समजुतीवर दिलेला स्टिरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीनचा तिहेरी इलाज तपासला गेला, तेव्हा त्या गटात मृत्यू जास्त झाले आणि २०११ मध्ये तो भाग थांबवावा लागला. दाह आणि चरे ही एकाच रस्त्यावरची दोन गावं आहेत, पण एकाच गावाला दोन नावं नव्हेत. शिवाय तरुण उंदरातले ब्लिओमायसिनचे चरे पुढे बरेचसे आपोआप भरून येतात. माणसाचे येत नाहीत.

आता अडुळसा. आमच्या गडग्यावर होता, तुमच्याकडेही असणार. आजीचा काढा खोकल्यावर गुणकारी, हे खोटं नाही. त्यातल्या व्हॅसिसिनच्या रचनेवरूनच ब्रोमहेक्झिन तयार झालं, आणि ते आजही कफाच्या सिरपमध्ये आहे. पण जरा थांब आणि बघ, ब्रोमहेक्झिन काय करतं? कफ पातळ करतं. म्हणजे अडुळशाची ख्याती कफावर आहे. आणि निरोगी उंदराच्या फुप्फुसात कफ असतो कुठे? कफ स्रवणाऱ्या ग्रंथी त्याला फक्त श्वासनळीत असतात, आत खोलवर नसतात. कफ भरलेल्या पेशीही जवळपास दिसत नाहीत. तो आपल्यासारखा खोकतही नाही. एलपीएस देऊन न्यूट्रोफिल मोजत बसलीस तर अडुळशाला जे येतं ते तू विचारलंच नाहीस, आणि जे येतं की नाही ठाऊक नाही तेवढंच विचारलंस.

म्हणून माझा सल्ला: मुख्य प्रयोग घरधुळीतल्या माइट किड्याच्या अर्कावर कर. तो उंदराच्या नाकात काही आठवडे ठरावीक दिवशी दिला की इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीतल्या पांढऱ्या पेशी, येतात आणि श्वासनलिकांच्या अस्तरात कफाच्या पेशी उगवतात. पीएएस रंग दिला की त्या जांभळ्या-गुलाबी दिसतात, मोजता येतात. हे मॉडेल आपल्या मातीतलंही आहे. जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते अशा हवेत माइट किती सुखाने नांदत असतील, विचार कर. जुनं मॉडेल कोंबडीच्या अंड्यातल्या ओव्हाल्ब्युमिनचं. ते आधी तुरटीच्या जातीच्या ॲल्युमसोबत पोटात टोचून मग हुंगवायचं. त्यावर दम्याचं बरंच ज्ञान उभं आहे, पण अंड्याच्या पांढऱ्याने आणि पोटातून दमा सहसा कोणाला होत नाही.

दम्याच्या उंदरांची एक हकिकत मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतो. आयएल-५ (इओसिनोफिल वाढवणारा संदेश-रेणू) नसलेल्या उंदरांत इओसिनोफिल येत नाहीत आणि श्वासनलिकांचा चिडकेपणाही येत नाही, असं १९९६ मध्ये दिसलं. सगळ्यांना वाटलं, दमा सुटला. त्याविरुद्धचं प्रतिपिंड, मेपोलिझुमॅब, सौम्य दम्याच्या रोग्यांना दिलं. २००० साली निकाल आला. इओसिनोफिल धाडकन खाली, दम्यावर परिणाम शून्य. उंदीर खोटारडा ठरला. मग २००९ मध्ये कोणीतरी शहाणपणाने रोगी निवडले: स्टिरॉइड चालू असूनही ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल राहतात आणि ज्यांना वारंवार झटके येतात असेच. त्यांच्यात झटके कमी झाले. २०१५ मध्ये औषध अमेरिकेत मंजूर झालं. उंदराचं उत्तर बरोबर होतं, ते आपण भलत्याच रोग्याला लावत होतो. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आलं. "माणसात चालेल" असं लिहू नकोस. "अमुक अवस्थेतल्या, कफ वाढलेल्या श्वासनलिकेत, रोग सुरू झाल्यावर दिलं तरी चाललं" एवढं लिहायची हिंमत आली तर ते पुष्कळ झालं.

उरलेलं अर्धं उत्तर मात्रेत आहे. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असं निबंधात वाचायला काही वाटत नाही. उंदराची मात्रा माणसात आणताना साधारण १२.३ ने भागतात. म्हणजे किलोमागे साडेबत्तीस मिलिग्रॅम, साठ किलोच्या माणसाला रोज सुमारे दोन ग्रॅम सुका अर्क. पानं नव्हे, अर्क! काढ्याच्या किती पेल्यांत तेवढा उतरेल ते आजीला विचार. मात्रा तीन ठेव, आणि त्यातली एक तरी माणसाला घेता येण्याजोगी असू दे.

उंदीर आणि माणूस यांतला एक फरक खिशाला चाट लावतो. माणसात न्यूट्रोफिलना बोलावणारा आयएल-८ उंदराच्या जनुकांतच नाही. त्याचं काम केसी आणि एमआयपी-२ हे रेणू करतात. तरीही उंदरासाठी आयएल-८ चा किट मागवलेला मी पाहिलाय, आणि त्यात "वाचन" आलेलंही पाहिलंय! संवेदनशीलतेतही जमीन-अस्मानाचा फरक: स्वयंसेवकाच्या शिरेत किलोमागे दोन-चार नॅनोग्रॅम एलपीएस गेलं तरी ताप आणि हुडहुडी भरते, उंदीर त्याच्या हजारो पट पचवतो. २०१३ मध्ये एका गटाने माणूस आणि उंदीर यांच्या दाहातल्या जनुकांची तुलना करून दोन्हींत काही मेळच नाही असं म्हटलं. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने तीच माहिती वेगळ्या रीतीने तपासून मेळ चांगला आहे असं म्हटलं. दोन्ही निबंध एकाच नियतकालिकात आले. तोंडी परीक्षेत यावर हमखास विचारतात.

आता हाताचं काम, कारण निम्मे प्रयोग इथेच मरतात.

नाकात थेंब द्यायचा तर भूल नेमकी हवी. कमी पडली तर उंदीर शिंकून थेंब उडवतो किंवा गिळतो, आणि तुझं एलपीएस पोटात जातं. जास्त झाली तर श्वास इतका मंद की थेंब नाकाशीच बुडबुडा होऊन बसतो. उंदराला मानेच्या सैल कातडीने उभा धर, डोकं किंचित मागे, पिपेटचं टोक नाकपुडीला न टेकवता थेंब लोंबू दे. तो आपणच आत ओढला जातो आणि पाठोपाठ छातीतून बारीक 'टिक टिक' असा आवाज बोटांना जाणवतो. तो जाणवला की समज, खाली गेलं. एकूण ५० मायक्रोलिटर, दोन-तीन हप्त्यांत. दहा-वीस मायक्रोलिटर दिलं तर बहुतेक नाकातच राहतं.

फुप्फुस धुताना, म्हणजे लॅव्हाज करताना, श्वासनळीत कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, घालून दोऱ्याने बांध, पाऊण-एक मिलिलिटर हळू आत, हळू बाहेर, तीनदा. जोरात ओढलंस तर गुलाबी पाणी येईल. ते रोगामुळे नाही, तुझ्या अंगठ्यामुळे. निरोगी उंदराच्या त्या पाण्यात शंभरातल्या नव्वदहून जास्त पेशी मॅक्रोफेज असतात, मोठ्या, गोल, भरल्या पोटाच्या. एलपीएसनंतर दुसऱ्या दिवशी काच बघितलीस तर न्यूट्रोफिलच न्यूट्रोफिल.

आणि काप घ्यायचं फुप्फुस फॉर्मॅलिनने फुगवून मगच बाटलीत टाक, २५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबाने. सिरिंजच्या नळकांड्याला नळी लावून ते स्टँडवर उंच बांधलं की झालं. न फुगवलेलं फुप्फुस आक्रसतं, वायुकोशांच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जाड दिसतात. मग निरोगी उंदराला "मध्यम दाह" असे गुण मिळतात. छापून आलेल्या चित्रांतही हे दिसतं. गुण देणाऱ्याला कोणता गट कोणता हे कळू देऊ नकोस, गाइड असला तरी.

माझी फजिती सांगतो, तुला उपयोगी पडेल. एका संस्थेत असताना माझ्या सलाइन दिलेल्या, म्हणजे रोग नसलेल्या उंदरांत न्यूट्रोफिल यायला लागले. महिनाभर मी ॲनिमल हाउसला दोष देत होतो. पावसाळा होता, वीज जायची, हवेत दमट वास, पिंजऱ्यातला भाताचा कोंडा वेळेवर बदलत नव्हते. ओल्या कोंड्यातून निघणाऱ्या अमोनियाने श्वासनलिका खराब होतात, हेही खरंच, तेवढं तू पाहून घेच. पण दोषी निघाली माझीच बाटली. सलाइन मी स्वतः बनवून ऑटोक्लेव्ह केलं होतं आणि निर्धास्त होतो. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, त्यांचं एलपीएस मरत नाही. काचेवरचं ते घालवायला कोरडी उष्णता लागते, २५० अंशांवर अर्धा तास. मी रोग नसलेल्या उंदरांना महिनाभर इमानेइतबारे रोग देत होतो. तेव्हापासून सलाइन विकतचं, एण्डोटॉक्सिन, म्हणजे हेच एलपीएस, नसल्याचा दाखला असलेलं.

हे तुझ्या अडुळशालाही लागू. कुंपणावरून तोडलेल्या पानांच्या अर्कात जिवाणूंचं एलपीएस असतंच. ते उंदराला आधी दिलं तर उंदीर एलपीएसला सरावतो, पुढच्या डोसाला कमी प्रतिक्रिया देतो, आणि तू म्हणशील अर्काने दाह कमी केला. अर्काची एण्डोटॉक्सिन तपासणी करून घे. व्हॅसिसिन किती आहे ते प्रत्येक खेपेला मोजून लिही, नाहीतर जूनची पानं आणि जानेवारीची पानं यांत दोन वेगळी औषधं तपासशील. सोबत फक्त द्रावक दिलेला गट आणि डेक्सामेथासोन या स्टिरॉइडचा गट हवाच.

राहिले बाबा. खनिजाची धूळ म्हणजे एकच वस्तू नाही. लोहाचा ऑक्साइड, माती, आणि त्यात मोकळं सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, कमी-जास्त. लोहाची भुकटी एक्स-रेवर ठिपके दाखवते पण मानाने सौम्य. घात करतं ते सिलिका. मॅक्रोफेज तो कण गिळते, पचवू शकत नाही, कणाने पेशीतली पिशवी फाटते, एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा पेटते, आयएल-१ बीटा सुटतं, पेशी मरते आणि कण पुन्हा मोकळा. मग दुसरी पेशी तोच कण गिळते. २००८ मध्ये हे उंदरांत नीट उलगडलं. फटाका नव्हे, हा भाताच्या तुसाचा धुमसता ढीग. वर राख, आत लाल. उंदराच्या श्वासनळीत दोन-अडीच मिलिग्रॅम सिलिका एकदाच टाकलं तरी आठवड्यांमागून आठवडे गाठी वाढत जातात, आणि ब्लिओमायसिनसारख्या त्या मावळत नाहीत. बाबांच्या रोगाच्या जवळ जाणारं मॉडेल हे. वेळ आणि पैसा दोन्ही खातं, दोन वर्षांच्या प्रकल्पात ते बसवणं कठीण. गाइडशी बोलून पुढच्या टप्प्याला ठेव.

मात्र रस्त्याकडेची धूळ गोळा करून थेट उंदरात टाकायचा मोह होईल, तो आवर. उंदीर फक्त नाकाने श्वास घेतो, मोठे कण नाकातच अडतात, खोलवर जातात ते दोन-तीन मायक्रॉनचे. शिवाय रस्त्याच्या धुळीत शेण, माती, पुन्हा एलपीएस. दाह दिसेल, पण कशाचा ते सांगता येणार नाही. करायचंच असेल तर चाळून, तापवून, सोबत टायटॅनियम डायऑक्साइडसारखा निरुपद्रवी कण घेतलेला गट ठेवून.

परवानगीचं थोडक्यात: १९६० च्या कायद्याखाली संस्थेची प्राणी नीती समिती असते, तिच्याकडे फॉर्म बी भरायचा, मंजुरी येईपर्यंत पिंजऱ्याला हात लावायचा नाही. उंदरांची संख्या का तेवढीच हे हिशोबाने लिही. "दर गटात सहा, कारण सगळे सहा घेतात" हे उत्तर चालत नाही. वजन किती टक्के घटलं की उंदराला मारून यातनेतून सोडवायचं, ते आधीच ठरव. साधारण वीस धरतात.

बाबांसाठी अडुळशाच्या निकालाची वाट बघू नकोस. छातीच्या ओपीडीत घेऊन जा, एक्स-रे आणि फुंकण्याची चाचणी होऊ दे, आणि थुंकी क्षयासाठी तपासायला सांग, कारण सिलिका बसलेल्या फुप्फुसात क्षय सहज शिरतो. डॉक्टर विचारतील "काम काय?" आणि बाबा म्हणतील "ड्रायव्हर". तिथेच गोष्ट संपते. म्हणून आदल्या रात्री त्यांच्याजवळ बसून एका कागदावर लिहून घे: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कुठल्या खाणीवरून कुठल्या जेटीपर्यंत, दिवसाला किती फेऱ्या, केबिनच्या काचा उघड्या असायच्या का, लोडिंग चालू असताना ते आत बसायचे की खाली उतरून उभे राहायचे, मध्ये क्रशरवर काम केलं का, विडी किती. तो कागद केसपेपरला टाचून दे.